राखीव कीपर आणि त्याचा क्वार्टरबॅक

14 जानेवारी 2020, भोगी. आई बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होती आणि मी सकाळी पावणेसातलाच लॅपटॉपसमोर. सेकंड शिफ्ट होती, अंबडला दुपारी जायचं होतं. न्यू ऑर्लिन्सला तेव्हा सोमवारची रात्र, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्ध क्लेमसन.

"न खाई भोगी तो सदा रोगी," आई म्हणाली, "आणि तू तर अजून पारोसाच."

हे वेड लावलं भाच्याने. तो लुइझियानाच्या त्याच विद्यापीठात एमएस करायला गेलेला. सप्टेंबरात त्याचा मेसेज आला: "मामा, ह्या जो बरोला बघच. तुझ्यासारखाच बेंचवर बसून होता." ते 'तुझ्यासारखाच' जरा टोचलं, म्हणूनच बघायला बसलो.

मी चार सीझन नाशकातल्या एका क्रिकेट क्लबचा दुसरा विकेटकीपर होतो. गोल्फ क्लब मैदानावर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असलं तरी आम्हाला ते गोल्फ क्लबच) डिसेंबरच्या थंडीत सहाला नेट्स, आणि मॅचच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या. चार वर्षांत सहा मॅच. ग्लोव्हज मात्र दोन जोड्या झिजवले, सगळे नेट्समध्ये.

बरोचं तसंच. वडील जिमी बरो ओहायोतल्या अथेन्स गावी कॉलेज टीमचे बचावाचे कोच. शाळेत पोराने धुमाकूळ घातला, 2014 साली राज्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य कॉलेजात गेला. पहिलं वर्ष 'रेडशर्ट', म्हणजे सराव करायचा पण मॅच नाही, आणि खेळायला मिळणाऱ्या चार वर्षांत ते धरायचंही नाही. पुढची दोन वर्षं राखीव. त्यात 2017 च्या सीझनआधी हात मोडला. ओहायो स्टेटकडून त्याचे सगळे मिळून 39 पास, त्यातले 29 पोचले, टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) दोन. बास.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. मधला गडी पायांमधून चेंडू मागे देतो, तो घेणारा क्वार्टरबॅक, म्हणजे बरो. पुढे पाच धिप्पाड गडी कबड्डीतल्या साखळीसारखे त्याला झाकतात, आणि दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, चेंडू कोणाकडे फेकायचा. अशी जागा टीममध्ये एकच. कीपरसारखी. बॅट्समन सहावरून तीनवर जाऊ शकतो, दुसरा कीपर कुठे जाणार?

बरो गेला. 2018 च्या मे महिन्यात. आणि कसा गेला, ते मला फार आवडलं. तेव्हाच्या नियमाने कॉलेज बदललं की साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागे, पण पदवी झालेली असेल तर लगेच खेळता येई. ह्याने तीन वर्षांत पदवी उरकलेली. डिग्री हाच गेटपास! आमच्या घरी 'खेळ सोड, डिग्री कर' एवढंच ऐकलं होतं.

एलएसयूत पहिल्या वर्षी 16 टचडाउन पास, 2,894 यार्ड. बरा होता, पण रात्र जागवून बघावा असा नाही. मग 2019. टेक्सासची मॅच आमच्याकडे रविवारी पहाटे पाचला सुरू. मी थर्ड शिफ्ट संपवून साडेसातला घरी पोचलो तर अजून चालूच. शेवटची काही मिनिटं, तिसरा प्रयत्न, अजून 17 यार्ड पुढे सरकायला हवं. समोरचे अंगावर धावून आलेले. तो किंचित पुढे सरकला आणि जस्टिन जेफरसनकडे चेंडू फेकला. 61 यार्ड, टचडाउन. 45-38. माझा डबा तसाच खांद्याला.

त्या सीझनला 15 पैकी 15 मॅच जिंकल्या. 60 टचडाउन पास, 5,671 यार्ड. डिसेंबरात कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली तेव्हा भाषणात तो अथेन्सकडच्या गरिबीबद्दल बोलला, शाळेतून उपाशी घरी जाणाऱ्या मुलांबद्दल, रडत रडत. लोकांनी तिथल्या अन्नपेढीला पाच लाख डॉलरवर देणगी दिली.

आणि भोगीच्या सकाळी? आधी 17-7 ने मागे, शेवटी 42-25. बरोचे 463 यार्ड. मी दहानंतर आंघोळ केली. जेवताना आईने विचारलं, "एवढा चांगला होता तर पहिल्या कॉलेजाने का नाही खेळवला?"

मी तोंड उघडलं होतं, कोच लोकांना काही कळत नाही म्हणायला. पण तसं नव्हतं ना. ज्याच्यामुळे बरोला जागा मिळाली नाही त्या ड्वेन हॅस्किन्सने 2018 साली ओहायो स्टेटकडून 50 टचडाउन पास फेकले. कोचचं काहीच चुकलं नव्हतं. "दुसरा पण चांगला होता," मी म्हणालो आणि भाकरीवर लोणी घेतलं. आमचा पहिला कीपरही चांगलाच होता. लेग साइडला तर माझ्यापेक्षा दोन पावलं आधी पोचायचा. हे मी वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

तो हल्ली कधीमधी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटतो. गुडघे गेलेत त्याचे, एक राउंड मारतो आणि टेकतो. बरोचाही गुडघा गेला, व्यावसायिक झाल्यावर पहिल्याच वर्षी, 2020 च्या नोव्हेंबरात. तेच सांगता सांगता मी फोनवर त्याला टेक्सासचा तो पास दाखवला. त्याने दोनदा बघितला.

"फेकणारा ठीक आहे रे," तो म्हणाला. "पण हे पुढचे पाच कोण? त्यांनी तेवढा वेळ धरून ठेवलं म्हणून जमलं."

अख्खा सीझन पाहिलेला मी, एकाचंही नाव सांगता येईना. घरी येऊन शोधलं. त्या सीझनला देशातल्या सर्वोत्तम फळीचा पुरस्कार त्यांनाच मिळाला होता. चेंडू मागे देणारा मधला गडी लॉइड कुशेनबेरी. नाव त्याला व्हॉट्सॲप केलं. अंगठा आला.