आईचे ३१, मुलाचे ९: कुणाचं खरं धरायचं?

समजा, कोल्हापूरच्या कसबा बावड्यातली एक आई सहावीतल्या मुलाला घेऊन आली आहे. शाळेची बस यायच्या वेळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं, दृष्टही काढून झाली. मग दोघांनी मुलांमधली चिंता चाचपणारी 'स्केअर्ड' प्रश्नावली भरली. आईची बेरीज ३१, मुलाची ९.

स्केअर्डमध्ये ४१ विधानं असतात. गेले तीन महिने आठवून प्रत्येकाला ०, १ किंवा २ द्यायचे. पालकांची प्रत वेगळी, मुलाची वेगळी, विधानं तीच. बेरीज २५ किंवा जास्त आली की चिंताविकाराची शक्यता धरून पुढे तपासायचं. आता ३१ आणि ९ ची सरासरी काढून २० लिहिले, तर मूल 'नॉर्मल' ठरून घरी जातं. हा घोळ फार होतो. सरासरीत आईचं म्हणणंही पुसलं जातं आणि पोराचंही.

उत्तरं जुळत नाहीत यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा मुलाचं स्वतःबद्दलचं सांगणं आणि इतरांचं त्याच्याबद्दलचं सांगणं यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) सरासरी ०.२२ एवढाच भरला. २०१५ मध्ये डी लॉस रेयेस आणि सहकाऱ्यांनी ३४१ अभ्यास घेतले, तेव्हा माहिती देणाऱ्या वेगवेगळ्या माणसांमधला आकडा ०.२८ आला. उलट दोन्ही कागद तंतोतंत जुळले तर आधी विचारावं, भरले कुणी? फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला की घरात एकच मोबाईल असतो आणि दोन्ही फॉर्म आईच भरते, मूल शेजारी बसून मान हलवतं.

म्हणून कागद समोर भरून घ्यावेत, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून. ८ ते ११ वर्षांच्या मुलाला प्रश्न समजावून सांगावे लागतात. ते काम आईवर सोपवू नये, 'अरे, परवा नाही का रडलास?' तिथंच सुरू होतं. मुलाने एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत गोल केले असतील, तर ती बेरीज धरू नका. तोंडी विचारा.

नंतर एकूण आकडा बाजूला ठेवून उपगट, म्हणजे एकेका प्रकारच्या चिंतेची विधानं, पाहायचे. शाळा टाळण्याची चार विधानं आहेत, तिथं पुढे तपासायला ३ गुण पुरेसे. आईवडिलांपासून दूर राहण्याच्या भीतीची आठ, तिथं ५. लोकांसमोर बुजण्याची सात, तिथं ८. शाळेला नकार, अंगाला चिकटणं हे आईला दिसतं. वर्गात वाचायला उभं केल्यावर होणारी धडधड किंवा अंथरुणात पडल्यावर डोक्यात फिरणारे विचार मुलानेच सांगितल्याशिवाय कळत नाहीत. आईचे जास्त आणि मुलाचे कमी गुण कुठल्या उपगटात आहेत, यावर पुढचे प्रश्न ठरतात.

मुलाचे गुण कमी येण्याचं एक कारण सगळ्यांना सुचतं: घाबरट म्हणतील म्हणून लपवतो. तालमीत जाणारं पोरगं तर हमखास लपवतं. दुसरं कारण सहसा सुटतं. घरच्यांनी भीतीची वेळच येऊ दिलेली नसते. आजी रोज शेजारी झोपते, वडील गाडीवरून थेट वर्गाच्या दारात सोडतात, दुकानात मोठी ताई बोलते. अशा मुलाने 'एकट्याने झोपायची भीती वाटते' याला ० दिलं तर ते खोटं नाही, एकटा झोपलाय कधी? इथं 'भीती वाटते का' हा प्रश्न कामाचा नाही. 'आजी चार दिवस गावाला गेल्या तर रात्री काय होतं?' असं दोघांनाही वेगवेगळं विचारावं. बहुतेक फरक इथंच उलगडतो.

आईचे गुण तिच्या स्वतःच्या काळजीनेही चढतात. २०१९ च्या महापुरात घर सोडावं लागलेल्या पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला नदी वाढली की मुलाच्या डोळ्यांतही भीतीच दिसणार. पण तेवढ्यावरून आईचं म्हणणं खोडून काढू नये, वडिलांचं आणि वर्गशिक्षकांचंही घ्यावं.

ज्या विधानात एकाने ० आणि दुसऱ्याने २ दिलेत, तेवढीच काढून चार प्रश्न विचारा: शेवटचं कधी झालं, कुठे, कोण होतं, मग घरच्यांनी काय केलं? चाळणीच्या, म्हणजे प्राथमिक तपासणीच्या पायरीवर दोघांपैकी एकाचा आकडा वर गेला तरी पुढे पाठवावं. निदान मात्र मुलाखतीतच होतं. चिंताविकाराच्या निदानासाठीच्या 'ॲडिस' या ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीत मुलाशी आणि पालकांशी स्वतंत्र बोलून तीव्रता ० ते ८ मध्ये मोजतात, ४ पासून पुढे निदान धरतात. शाळेचे खाडे, सुटलेले खेळ, मोडलेली झोप यांचा हिशेब तिथंच लागतो.

फेरतपासणीत आईचा नवा आकडा आईच्याच जुन्याशी ताडावा, मुलाचा मुलाशी. दुसऱ्यांदा भरताना गुण तसेही थोडे उतरतात, दोन आठवड्यांत ३१ चे २७ झाले म्हणून पेढे वाटू नयेत.

आणि मुलाने आईला माहीत नसलेलं काही सांगितलं, तर 'यातलं आईला काय सांगू?' हे त्यालाच विचारून घ्यावं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर गुप्ततेचं वचन देता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवावीच लागते, आणि हे मुलाला प्रश्नावली हातात देण्याआधीच सांगायचं असतं.