'नमुना धुऊन आणा' : फ्रेटिंगच्या संशोधनातला माझा अनुभव

फ्रेटिंगवर काम सुरू करणारं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारते: तुमचा घासलेला नमुना शेवटी कुठल्या उपकरण केंद्रात मायक्रोस्कोपखाली बघितला जाणार, आणि तिथल्या अर्जात स्वच्छतेबद्दल काय लिहिलंय? चाचणीचं यंत्र जुळवायला वेळ लागतो, पण ते आपल्या हातात असतं. माझं काम अडलं ते अर्जातल्या एका ओळीवर. 'नमुना स्वच्छ व कोरडा असावा, त्यावर सुटी भुकटी नसावी.' अर्ज परत आला तेव्हा त्यावर शेरा होता, नमुना धुऊन आणा. पीएचडीचा एक अख्खा पावसाळा या तीन शब्दांत गेला आणि तो राग अजून गेलेला नाही.

राग का, हे समजायला फ्रेटिंग म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. दोन धातूचे भाग घट्ट दाबून बसवलेले असतात, ते हलणं अपेक्षित नसतं, तरी यंत्राच्या थरथरीने काही मायक्रोमीटर पुढेमागे सरकत राहतात. बेअरिंगची रिंग आणि शाफ्ट, टर्बाइनच्या पात्याचं मूळ, वायर रोपमधल्या एकमेकींवर टेकलेल्या तारा, गाडीच्या वायरिंगमधले कथिलाचा मुलामा दिलेले कनेक्टर, सगळीकडे हे चालू असतं. पुण्याजवळच्या भोसरीतल्या मशीन शॉपमध्ये कुणी फ्रेटिंग म्हणत नाही, 'शाफ्टने सीट खाल्ली' म्हणतात. उघडून बघितलं की तिथे तांबूस तपकिरी भुकटी सापडते. इंग्लंडमध्ये १९११ साली ईडन, रोझ आणि कनिंगहॅम यांना फटीग चाचणीच्या (धातूला पुन्हा पुन्हा ताण देऊन बघण्याच्या) पकडीत पोलादाच्या नमुन्यांवर ही भुकटी दिसली. टॉमलिनसन यांनी १९२७ साली दाखवलं की ती व्हायला अगदी बारीकसं सरकणंही पुरतं.

ही भुकटी मुख्यतः लोखंडाचा ऑक्साइड असते, आणि ज्या लोखंडातून ती निघते त्याच्या साधारण दुप्पट जागा घेते. नेहमीच्या घर्षणात कण बाहेर फेकले जातात. फ्रेटिंगमध्ये सरकणं इतकं कमी की ते आतच अडकतात, दाबले जातात, त्यांचा थर बनतो आणि पुढची सगळी चाचणी त्या थरावर चालते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात काम करणाऱ्या मोरिस गोदे यांनी १९८४ मध्ये याच थराला 'थर्ड बॉडी' म्हणत झिजेचा सगळा विचार त्याच्याभोवती मांडला. दोन धातू आणि त्यांच्यामधला हा तिसरा. माझा प्रबंध त्या तिसऱ्यावर आहे, आणि अर्ज म्हणत होता की तो धुऊन टाका.

चाचणीबद्दल थोडक्यात. ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाची १० मिलिमीटर व्यासाची गोळी, त्याच पोलादाची कडक केलेली आणि ग्राइंड केलेली चकती, भार २० न्यूटन, सरक दोन्ही बाजूंना ५० मायक्रोमीटर, १० हर्ट्झ, एक लाख आवर्तनं. पावणेतीन तासांत एक चाचणी होते. दाबलेल्या गोलाच्या संपर्काचं जे हर्ट्झचं सूत्र आहे, त्याने सुरुवातीच्या संपर्काची त्रिज्या ८७ मायक्रोमीटरच्या आसपास येते आणि अगदी मध्यावरचा दाब सव्वा गिगापास्कलच्या वर. त्रिज्या सरकेपेक्षा मोठी, म्हणजे संपर्काचा मधला भाग चाचणीभर कधीच हवेला उघडा पडत नाही. भुकटी आत का अडकते याचं हेच कारण, आणि केंद्राला पाठवलेल्या पत्रात पुढे हेच वाक्य कामी आलं.

फिक्श्चर (नमुना पकडणारी चौकट), शेकर (पुढेमागे हलवणारं यंत्र), डेटा घेण्याचा प्रोग्रॅम हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एकच सांगते. सरक मोजायचा सेन्सर शेकरवर लावू नका, गोळीच्या होल्डरला शक्य तितका जवळ लावा. बल आणि सरक यांचा आलेख दर आवर्तनाला एक बंद आकृती काढतो. ती समांतरभुज चौकोनासारखी दिसली तर पूर्ण पृष्ठभाग सरकतोय, बारीक लंबगोल झाली तर फक्त कडा सरकतेय आणि मधलं चिकटून आहे. सेन्सर लांब असला की फिक्श्चरची लवचीकता त्यात मिसळते, आकृती तिरकी होते आणि ५० मायक्रोमीटर दिले असं वाटत असताना संपर्कात त्यापेक्षा बरेच कमी पोचलेले असतात.

आता मुख्य अडथळा.

आमच्या विभागात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही, म्हणून शहरातल्या एका संस्थेच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात अर्ज केला. ऑनलाइन फॉर्म, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, पैसे भरल्याची पावती, वर जीएसटी. फॉर्ममध्ये दोन रकाने माझ्या मुळावर आले. एक स्वच्छतेचा. दुसरा, 'नमुना चुंबकीय आहे का?' पोलाद आहे, हो लिहिलं. अर्ज खिडकीवरूनच परत. खिडकीवरच्या काकांना मी समजावलं की ही भुकटी म्हणजे घाण नाही, हेच मला बघायचंय. ते म्हणाले, "मॅडम, सगळे धुऊनच आणतात. नियम आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला जागाही नव्हती. ईमेल केला तर उत्तरात फॉर्मची तीच ओळ ठळक अक्षरांत परत आली. फोन केला की ज्यांना विचारायचं ते रजेवर, नाहीतर मीटिंगमध्ये.

मार्गदर्शकांचं म्हणणं होतं, धुऊन दे आणि निदान खड्ड्याचा आकार तरी मिळव. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये अॅसिटोन घालून काही मिनिटं ठेवलं की थराचा बराचसा भाग सुटतो. उरतो तो खड्डा, आणि खड्ड्यावरून कळतं किती झिजलं. कसं झिजलं ते थरात असतं. एकदा धुतलेला नमुना परत 'न धुतलेला' करता येत नाही.

याच काळात बाहेर पाऊस लागला होता. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांवर जाते आणि नुकतंच ग्राइंड केलेलं ईएन-३१ त्या हवेत पटकन डागाळतं. चाचणीत तयार झालेला ऑक्साइड आणि कपाटात लागलेला गंज, दोन्ही लोखंडाचे ऑक्साइड. मायक्रोस्कोपखाली ऑक्सिजन दिसला तर तो कुठला, हे मी कुणाला कशाच्या बळावर सांगणार होते? वर्कशॉपमधले मामा काळजीने म्हणाले, "थोडं तेल लावून ठेवा, काही होत नाही." शाफ्टसाठी तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, पण माझ्या थरात तेल मुरलं तर थर गेला. मग डेसिकेटर (हवाबंद कोरडं भांडं), त्यात ओल शोषणारं सिलिका जेल, जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून परत निळं करायचं, आणि सोबत एक न घासलेली चकती साक्षीदार म्हणून ठेवायची. ती साक्षीदार चकती नक्की ठेवा. तिच्यावर डाग पडला नाही, म्हणजे शेजारच्या नमुन्यावरचा ऑक्साइड चाचणीतलाच आहे, असं ठामपणे म्हणता येतं. परीक्षकाने विचारलं तर दाखवायला ती माझ्याकडे आजही आहे.

काही नमुने या वाट बघण्यात बाद झाले. वाईट वाटलं. प्रत्येकामागे वायरकट, हार्डनिंग, ग्राइंडिंग आणि पॉलिशिंग होतं, आणि तो सगळा खर्च माझ्या आकस्मिक निधीतून गेला होता.

कोंडी फुटली ती खिडकी सोडून थेट यंत्राशी गेल्यावर. मायक्रोस्कोप चालवणाऱ्या तांत्रिक अधिकारी मॅडमना भेटायची वेळ मागितली, सोबत एक नमुना आणि ऑप्टिकल मायक्रोस्कोपने काढलेले फोटो नेले. त्यांनी फोटो नीट बघितले आणि त्या ओळीमागचं खरं कारण सांगितलं. ते इतके दिवस कुणीच सांगितलं नव्हतं. फील्ड एमिशन प्रकारच्या काही मायक्रोस्कोपमध्ये शेवटच्या भिंगाचं चुंबकीय क्षेत्र नमुन्यापर्यंत पोचतं. लोखंडी कण सुटा असेल तर तो वर खेचला जाऊन कॉलममध्ये अडकू शकतो. मग यंत्र बंद, कंपनीचा इंजिनिअर, आणि रांगेतल्या सगळ्यांचं काम लांबणीवर. त्यांची भीती रास्त होती. हेच कारण फॉर्ममध्ये दोन ओळींत छापलं असतं तर मी पहिल्याच दिवशी त्यावर उपाय घेऊन गेले असते. नियमामागचं कारण लपवून ठेवलं की समोरच्याला तो फक्त भिंतीसारखा दिसतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या केंद्रातली माणसं कामाची आहेत.

उपाय त्यांनी आणि मी मिळून ठरवला. केंद्रात टंगस्टन फिलामेंटचा जुना मायक्रोस्कोप होता, त्याच्या भिंगाचं क्षेत्र नमुन्यापर्यंत तसं पोचत नाही. त्याचं रिझोल्यूशन कमी, पण माझा थर काही मायक्रोमीटर जाडीचा, मला तेवढं पुष्कळ होतं. चकती कापून लहान केली, मात्र चाचणीच्या आधी. नंतर कापाल तर कूलंट सगळं धुऊन नेईल. डीमॅग्नेटायझरमधून (चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रातून) काढली. कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत मारून सुटे कण पांढऱ्या कागदावर उतरवले, ते वेगळ्या कुपीत रामन स्पेक्ट्रोस्कोपीसाठी (लेझरने ऑक्साइड कुठला ते ओळखण्यासाठी) ठेवले. दाबून घट्ट बसलेला थर तेवढ्या झोताने हलत नाही. नमुना नुसत्या कार्बन टेपवर न चिकटवता स्क्रूच्या पकडीत धरला आणि भिंगापासून नेहमीपेक्षा जास्त अंतरावर ठेवला. दुसरा एक नमुना थरासकट रेझिनमध्ये बसवून उभा छेद काढला. रेझिनमध्ये सगळे कण बंदिस्त, त्यामुळे त्याला कुणाचीच हरकत नव्हती. छेदाला मात्र कोल्ड-सेटिंग (न तापवता, न दाबता घट्ट होणारं) रेझिनच घ्या, हॉट माउंटिंगच्या प्रेसचा दाब थराला नको.

अर्जासोबत एक पत्र जोडलं. त्यात चारच गोष्टी: नमुना हेतुपुरस्सर धुतलेला नाही, संशोधनाचा विषयच तो थर आहे, कारण या सरकेला संपर्काचा मधला भाग उघडा पडत नाही, सुटे कण काढून टाकले आहेत, ते असे, नमुना डीमॅग्नेटाइझ केला आहे. खाली गाइडची सही. तेच काका, तीच खिडकी, अर्ज घेतला.

पडद्यावर पहिलं चित्र आलं तेव्हा मला फार समाधान वाटलं. खड्ड्याच्या मध्यावर दाबून सपाट झालेल्या थराचे पट्टे, त्यांना सरकण्याच्या दिशेला आडव्या भेगा, आणि कडेला बाहेर ढकललेल्या कणांची रास. मधल्या पट्ट्यांत ऑक्सिजन भरपूर, खड्ड्याबाहेरच्या धातूवर जवळजवळ नाही. धुतलेल्या नमुन्यात यातलं काय उरलं असतं? मी मुद्दाम तोच नमुना नंतर धुऊन परत बघितला आणि दोन्ही चित्रं प्रबंधात शेजारी शेजारी लावली आहेत.

धुणं शेवटी करावं लागतंच, हेही सांगते. पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणाऱ्या थ्रीडी प्रोफायलोमीटरला थराखाली लपलेली खोली दिसत नाही, त्यामुळे झिजेचं घनफळ धुतल्यावरच मोजायचं. क्रम असा: यंत्रावरून उतरवल्याबरोबर ऑप्टिकल फोटो, मग न धुता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, मग रामन, मग अल्ट्रासॉनिक, शेवटी प्रोफायलोमीटर. हा क्रम उलटा फिरवता येत नाही, म्हणून पाचही ठिकाणच्या तारखा हातात आल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. जवळ कुठलं उपकरण कुठे आहे ते देशभरातल्या संशोधन उपकरणांची नोंद असलेल्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. मला ते उशिरा कळलं, नाहीतर टंगस्टनवाला मायक्रोस्कोप मी आधीच हुडकला असता.

रामन करणाऱ्याला लेझरची शक्ती कमी ठेवायला सांगा. जास्त ठेवली तर मॅग्नेटाइट हा लोखंडाचा एक ऑक्साइड तिथल्या तिथे तापून हेमटाइट हा दुसरा ऑक्साइड होतो आणि चाचणीत न झालेली गोष्ट आलेखात उमटते.

चाचणीच्या खोलीतली आर्द्रता दर वेळी लिहून ठेवा, एसी चालू होता की बंद तेही. कोरड्या हवेत पोलादाची फ्रेटिंगची झीज दमट हवेपेक्षा जास्त होते, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. एप्रिलच्या दुपारी केलेली चाचणी आणि जुलैमधली चाचणी एका तक्त्यात शेजारी मांडायची असेल तर बंद चेंबर लागतो. आम्ही मिठाच्या संपृक्त द्रावणाची बशी चेंबरमध्ये ठेवून आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिर केली, खर्च नगण्य.

आणि गोळी फेकू नका. सगळे चकती बघतात, पण झीज दोघींची होते आणि थराचा काही भाग गोळीवर चिकटून वर जातो. ती होल्डरमधून काढण्याआधी सरकण्याची दिशा तिच्यावर मार्करने आखून घ्या, नाहीतर मायक्रोस्कोपखाली ती कुठल्या बाजूने बघायची तेच कळत नाही. अर्जात गोळीसाठी वेगळा नमुना क्रमांक टाकावा लागतो आणि पत्राची वेगळी प्रतही.