पप्पांसाठी ते कानाचं मशीन मागवू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ओपीडीत हल्ली हे वारंवार होतं. मुलगा मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे करतो आणि म्हणतो, "डॉक्टर, पप्पांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्केच आहे. हे कानाला क्लिप लावायचं मशीन मागवू का?"

नका मागवू. पण कल्पना थोतांड नाही, हेही सांगतो.

कान कोरताना मध्येच खोकला येतो ना? ती वेगस नर्व्हची करामत. मेंदूतून निघून हृदयाकडे आणि पुढे पोटापर्यंत जाणाऱ्या या नर्व्हची एक बारीक फांदी कानात येते. वेगस हृदयाला लगाम घालते. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त पुरवणं हृदयाला जमत नाही तेव्हा, तो लगाम सुटतो आणि हृदय सतत घाईत राहतं. मग कानातून सौम्य करंट देऊन वेगसला जागं करता येईल का?

अमेरिकेत ओक्लाहोमाच्या डॉक्टरांनी ते करून पाहिलं. २०२२ साली निकाल आला. ५२ पेशंट, रोज १ तास, ३ महिने. निम्म्यांची क्लिप कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्यावर होती. कान बंद करताना आपण बोटाने दाबतो, तोच. उरलेल्यांची पाळीवर, कारण तिथे वेगस पोचत नाही. म्हणजे ती खोटी ट्रीटमेंट. (अशा व्हिडिओत क्लिप पाळीला दिसली की मला हसू आवरत नाही.) पहिल्या गटात हृदयाच्या स्नायूचं आकसणं सुधारलं, शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला घटक कमी झाला, पेशंटना बरंही वाटलं. मात्र हे सगळे पंपिंग नॉर्मल असलेले, तरीही हार्ट फेल्युअर झालेले पेशंट होते. तुमच्या पप्पांचं पंपिंगच कमी आहे, म्हणजे आजार वेगळा.

पप्पांसारख्यांवर वेगसचा मोठा प्रयोग झाला तो ऑपरेशन करून वेगसला करंट देणारं मशीन बसवून. आधी आपल्याच देशात ६० जणांना ते बसवलं होतं. पंपिंग थोडं वाढलं, सगळ्यांना हुरूप आला. पण त्यात तुलनेला बिनमशीनचा गट नव्हता. पुढे दुसऱ्या मशीनवर ७०७ जणांचा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. मशीनवाल्यांना बरं वाटत होतं, चालणंही वाढलं होतं. पण मृत्यू आणि आजार बळावणं काही कमी झालं नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणून "वापरल्यापासून फ्रेश वाटतं" एवढ्यावर मी भुलत नाही.

त्यातून पेसमेकर असेल किंवा नाडी मुळातच मंद असेल, तर घरी असले प्रयोग अजिबात नकोत.

आणि पप्पांची फाइल बघतो तर डापाग्लिफ्लोझिन ही गोळी बंद! का, तर "त्यांना शुगर नाहीये, मग शुगरची गोळी कशाला?" अहो, २०१९ च्या अभ्यासात पप्पांसारखंच पंपिंग कमी असलेल्या ४,७४४ जणांना ती दिली गेली किंवा तिच्यासारखीच दिसणारी खोटी गोळी. निम्म्याहून जास्त जणांना शुगर नव्हतीच. तरी खरी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू आणि आजार बळावणं, दोन्ही कमी झालं. मशीनचं नंतर बघू. ती गोळी कधीपासून बंद आहे, ते आधी सांगा.