वजनाआधी उतरलेली साखर

माझ्या थोरल्या बहिणीची गॅस्ट्रिक बायपास ही वजन घटवण्यासाठीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वजनाचा काटा फारसा हलण्याआधीच, रोज सकाळी बोटाला सुई टोचून ती पाहत असे तो साखरेचा आकडा आठवडाभरात खाली आला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केले. हे केवळ कमी खाल्ल्याने घडत नाही. अन्नासाठी जठराचा सुमारे ३० मिलिलिटरचा कप्पा उरतो, अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे उतरते, आणि तिथे जेवणानंतर कितीतरी जास्त स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास प्रवृत्त करते. तरीही याला टाइप २ मधुमेहातून कायमची सुटका म्हणणे मला धोक्याचे वाटते; काहींची साखर काही वर्षांनी पुन्हा वाढते, आणि जीवनसत्त्व बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या पूरक गोळ्या तर आयुष्यभर घ्याव्या लागतात.