मेअखेरचं कर्नाळा: आधी कान, मग दुर्बीण

मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात शिरणाऱ्या बहुतेकांना दोनच पक्षी हवे असतात, नवरंग आणि तिबोटी खंड्या. दोघंही पावसाच्या तोंडावर येतात, आणि दोघांचाही पत्ता आधी आवाजावरूनच लागतो.

नवरंगाचा हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत जातो. तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला तो ‘व्हीट-टियू’ अशी दोन सुरांची शीळ घालतो. तमिळमध्ये तर त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे. शीळ ऐकली की लोक खाली पाचोळ्यात शोधतात आणि तिथेच चुकतात. चरताना तो जमिनीवर असतो खरा, पण शीळ घालताना बहुधा आडव्या फांदीवर बसतो, मान मागे टाकतो आणि चोच आभाळाकडे करतो. तेव्हा आवाजाच्या दिशेने माणसाच्या उंचीपासून वरच्या फांद्या चाळाव्यात. पोटाखालचा लाल डाग दिसला की काम झालं. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून बोलावू नये. हद्द राखायला तो धावून येतो आणि विणीच्या दिवसांत त्याची शक्ती फुकट जाते.

तिबोटी खंड्या जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणीहूनही लहान. ओढ्यावरून गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक, चिरका आवाज काढत सुसाट निघून जातो. डोळ्यांना फक्त केशरी-जांभळी रेघ कळते. त्याच्या मागे पळण्यात अर्थ नाही. सावलीतल्या डबक्याजवळ अर्धा तास गप्प बसावं, तो पुन्हा त्याच फांदीवर येतो. नेहमीच्या छोट्या खंड्याशी गल्लत होते, पण तिबोटीची चोच लालभडक असते आणि पाठीखालचा भाग जांभळट-केशरी. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ दिसलं तर तिथून लांब राहावं. तोंडात पाल किंवा सापसुरळी धरलेला पक्षी फांदीवर ताटकळत असेल, तर अडचण आपली झालीय असं समजावं.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. गर्द झाडीत १०×४२ मधून चित्र अंधारं दिसतं आणि हातही जास्त हलतो. दुपारी पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक हा पक्षी सूर मारून आंघोळ करतो. कस्तूरही तिथेच येतो. किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर लावून वर जाऊ नये.

राहिला पावशा. ‘पेरते व्हा’ चढत्या सुरात म्हणत जातो आणि एकदम थांबतो. पुष्कळ जण त्यालाच चातक म्हणतात, पण चातक काळा-पांढरा, तुरेवाला, तर पावशा राखाडी आणि शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा दिसणारा. दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. म्हणून सातभाईंचा थवा उगाच कलकलाट करायला लागला, की त्या झाडावर दुर्बीण लावून बघावीच.