आयाळीतला गुंता

काही न करण्याच्या दुपारी मी एखादी जुनी ‘माय लिटल पोनी’, म्हणजे लांब केसांची खेळण्यातली छोटी घोडी, विंचरायला घेते. सध्या हातात आहे ती १९८३ च्या पहिल्या सहा पोनींपैकी कॉटन कँडी. अंग गुलाबी, आयाळ गुलाबी, आणि मानेच्या उजव्या अंगाला अशी घट्ट जट की तिच्यात फणीचा दात शिरत नाही. कुणीतरी हिला जीव लावून खेळवले आहे, यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पोनीचे केस म्हणजे बहुधा नायलॉनचे धागे. मानेवर ओळीने भोके असतात आणि त्यांतून झुपक्याझुपक्यांनी हे धागे ओवलेले असतात. नायलॉनला पोषण लागत नाही, त्यामुळे कंडिशनरने ‘केसांत जीव आला’ असे कुणी म्हटले की मला हसू येते. कंडिशनर धाग्यांना निसरडे करतो एवढेच, पण तेवढेही पुष्कळ होते. आधी भांड्यांच्या साबणाने जुना मळ काढायचा, मग कंडिशनर मुरवून टोकाकडून विंचरत वर यायचे. शेंड्याचे दोन बोटे सुटल्याशिवाय वरच्या भागाला हात लावायचा नाही.

लहानपणी आई माझे केस असेच सोडवत असे. गुंत्याच्या वर मुठीत बट घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुठीपाशी थांबे आणि डोक्यापर्यंत पोचत नसे. तरीही मी ओरडत असे, कारण ओरडणे हा त्या कार्यक्रमाचा भागच होता. आता पोनीची बटही मी तशीच मुठीत धरते. तिला दुखत नाही हे मला ठाऊक आहे. पण जोराने ओढले तर झुपका मुळासकट बाहेर येतो आणि मागे एक रिकामे भोक राहते, म्हणून आईची रीत इथेही उपयोगी पडते.

खरी जादू गरम पाण्याची. तापलेल्या नायलॉनमधल्या रेणूंच्या साखळ्या सैल होतात आणि विंचरून सरळ धरलेला धागा थंड होताना त्याच आकारात स्थिरावतो. म्हणून वर्षानुवर्षांच्या मुरडी कढत पाण्याच्या एका धारेने उतरतात. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मात्र मी जवळ येऊ देत नाही. ती एका जागी फार तापते, धाग्यांची टोके आक्रसून कुरळी होतात, आणि वितळलेला धागा पूर्ववत करण्याचा उपाय नाही. पाणी ओततानाही शेपटीकडे लक्ष ठेवावे लागते. जुन्या पोनींची शेपटी आत धातूच्या चकतीने अडकवलेली असते. पाणी आत शिरले की चकती गंजते आणि तो तपकिरी डाग शेपटीच्या मुळाशी उमटतो. त्यामुळे जाणकार आधी डोके गरम करून मानेपासून सोडवतात आणि चकतीच काढून टाकतात. डोके नसलेली पोनी टेबलावर उभी असताना घरात पाहुणे येऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी.

या खेळण्यांची सुरुवात १९८१ च्या ‘माय प्रिटी पोनी’पासून झाली. हॅसब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीची ती पोनी मोठी आणि कडक प्लास्टिकची होती. हनुवटीखालची कळ दाबली की कान हलत आणि डोळा मिचके. बॉनी झॅकर्ली या चित्रकर्तीच्या कल्पनेतून आलेल्या या घराण्यात पुढे मऊ, हातात मावणारी पोनी आली. कळ गेली आणि केस उरले. पोनीसोबत छोटा कंगवा आणि रिबन मिळे, म्हणजे विंचरणे हाच खेळ होता. आज मात्र ज्या पोनीचा कंगवा कधी वापरलाच गेला नाही, तिचे मोल संग्राहकांत सर्वांत जास्त. ही गंमत मला अजून नीट पचलेली नाही.

माझा एक हेका आहे. कापलेली झुलपे मी पुन्हा लावत नाही. हुबेहूब रंगाचे नवे धागे मिळतात, सुईने ते भोकांतून ओवता येतात आणि आतून गाठ मारली की कुणाला कळतही नाही; हे काम सफाईने करणाऱ्यांचे मला कौतुकच आहे. पण कात्री चालवणाऱ्या मुलाला केस पुन्हा वाढतील अशी खात्री असते, आणि ती खात्री पुसून टाकण्याचा अधिकार मला कुणी दिला, असे वाटते. शाईचे डाग मी घालवते, गंज काढते, बुरशी घासते. तिथे असला कुठलाही विचार आड येत नाही. म्हणजे या हेक्यामागे तत्त्व वगैरे काही नसावे, आणि असलेच तर ते फक्त कपाळावरच्या केसांपुरते आहे.

विंचरून लखलखीत झालेल्या पोनीत मला फारसा रस उरत नाही, हेही सांगून टाकते. ती फडताळात जाते, पाहणारे तिला वाखाणतात, आणि मी मात्र जिच्या आयाळीत फणी अडकेल अशी दुसरी शोधू लागते. संग्राहकाला हे शोभत नाही, पण माझ्याकडून एवढेच होते.