बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ

बाटली उजेडात धरली तेव्हाच कळलं की हा नमुना वादात टिकणार नाही. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, तळाशी बोटभर गाळ, वर नितळ, बिनरंगी पाणी. चिठ्ठीवर फक्त 'नाला'. वेळ नाही, जागा नाही, कोणी भरली तेही नाही. धातूंना मुलामा देणाऱ्या एका कारखान्याविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या संघटनेने ती भरल्यानंतर चार दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेत आणली होती. त्यांना एकूण क्रोमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, अशा दोन्ही तपासण्या हव्या होत्या.

कारखान्याचं पाणी मिसळण्याआधीचा, वरच्या अंगाचा नमुना मागितला. नव्हता. "साहेब, तुम्ही आकडा द्या, बाकी आम्ही बघतो."

एकूण धातू मोजताना आम्ही बाटली हलवतो आणि गाळासकट पाणी नायट्रिक आम्लात तापवतो. मातीत मुळातलं क्रोमियम असतंच, तेही त्यात उतरतं. म्हणजे पाण्यात उभं राहून तळ ढवळला की आकडा फुगला. हेक्साव्हॅलंटचं नेमकं उलटं होतं. नाल्याच्या पाण्यातल्या सेंद्रिय घाणीमुळे ते हळूहळू साध्या, त्रिसंयुजी रूपात बदलतं. म्हणून नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत तपासायचा असतो. इथे चार दिवस गेले होते, तेही बर्फाविना. एकाच बाटलीतला एक आकडा कारखान्यावर अन्याय करणारा आणि दुसरा कारखान्याला वाचवणारा! यातलं संघटनेतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, याचा राग अजून जात नाही.

कारण हे काम अवघड नाही. आम्लाने धुतलेल्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटल्या प्रयोगशाळाच देते. नमुने खालच्या अंगापासून सुरू करून वर जात घ्यायचे, म्हणजे पायाने उठलेला गाळ पुढच्या बाटलीत येत नाही. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि बाटली तळाला न टेकवता मधल्या खोलीवर भरायची. प्रत्येक जागी तीन बाटल्या. पहिलीत नायट्रिक आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली आणायचा, ती एकूण धातूंसाठी. दुसरीचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून तिथेच गाळायचं, मग आम्ल; ती फक्त विरघळलेल्या धातूंसाठी. तिसरीतलं पाणी गाळायचं पण आम्ल अजिबात नाही, कारण आम्लात हेक्साव्हॅलंट आणखी लवकर बदलतं. ती थेट बर्फात. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली जागेवर उघडून तशीच हाताळायची, म्हणजे बाटलीतून किंवा आम्लातून धातू आला का ते कळतं. आणि बाटली कोणाच्या हातून कोणाकडे किती वाजता गेली, याची सहीनिशी नोंद. फलकांवर आणि पत्रकांवर खर्च करणाऱ्या संघटनेने एका माणसाला एवढं शिकवू नये?

एकूण क्रोमियम 640 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आलं. अहवालात 'नमुना आला त्या स्थितीत तपासला' ही ओळ होती, गाळाची आणि उशिराची नोंदही होती. आमच्याकडे ही ओळ लिहिली की जबाबदारी संपली असं मानतात. मला ते पटत नाही. संघटनेच्या पत्रकात ती ओळ नव्हतीच, आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले होते. हजारपट! इतकं क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, असतं तर पाणी गर्द पिवळं दिसलं असतं, आणि बाटली तर त्यांच्याच हातात होती.

कंपनीच्या सल्लागाराने एवढी एकच चूक उचलली. गाळ, उशीर, वरच्या अंगाचा नमुना यांपैकी कशावरही त्याला बोलावं लागलं नाही. सांडपाण्याच्या तोंडाशी काय वाहतं हा खरा प्रश्न तिथेच मिटला. कारखाना निर्दोष होता असं मी म्हणत नाही. 640 मायक्रोग्रॅममधला मोठा वाटा त्याचा असूही शकेल, पण त्या बाटलीवरून ते ठरवता येत नाही.

हे फक्त छोट्या संघटनांचं होतं असंही नाही. 1995 मध्ये उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही तेलसाठ्याची तरंगती टाकी बुडवण्याविरुद्ध ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने मोहीम केली आणि आत 5,000 टनांहून जास्त तेल असल्याचं सांगितलं. जूनमध्ये टाकी बुडवू पाहणाऱ्या शेल या तेलकंपनीने माघार घेतली. सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसने माफी मागितली, कारण नमुना टाकीतून नव्हे, टाकीकडे जाणाऱ्या नळीतून घेतला गेला होता. नंतरच्या स्वतंत्र तपासणीत तेल जेमतेम 100 टनांच्या आसपास निघालं. समुद्रात टाकी बुडवावी का, हा प्रश्न तेलाच्या आकड्याविनाही उभा राहिला असता. तरी आजही त्या मोहिमेचा विषय निघाला की आधी निघतो तो हा चुकलेला आकडा.

ती बाटली मी परत करायला हवी होती का, हे ठरत नाही. परत केली असती तर ते दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले असते, आणि तिथे गाळाची नोंदही झाली नसती कदाचित. पत्रक आल्यावर मी फोन करून एककाची चूक सांगितली आणि तीन जागांसाठी नऊ बाटल्या, गाळण्या आणि मोजून भरलेलं आम्ल तयार ठेवतो म्हणालो. खोकं अजून कपाटात आहे. न्यायला कोणी आलेलं नाही.